सातच्या पोटातली रेघ

मुंडारा गावच्या क्लॅरी नॉस्के या खाटकाने बदकांच्या बाईला मत दिलं, अशी कुजबूज मार्चमधल्या निवडणुकीनंतर गावात सुरू झाली. दोन दिवसांत तिला असे हातपाय फुटले, की मूळ बातमी केवढी आणि वरचा मसाला केवढा हे कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे, क्लॅरीने मांस सोडलंय, धंद्यापुरता हात लावतो एवढंच. बेकरीत त्याला चीजचं सँडविच खाताना कोणीतरी पाहिलं होतं, आणि एवढा पुरावा आमच्या गावाला भरपूर होतो. कोणी म्हणे, तरुणपणी एका नाचाच्या कार्यक्रमात क्लॅरी आणि बदकांची बाई... इथे वाक्य अर्धं सोडायचं, भुवया वर न्यायच्या आणि चहाचा घोट घ्यायचा.

बदकांची बाई म्हणजे रॉझलिन पाइक. नदीकाठच्या मोठ्या गावात तिने जन्मभर पोरांना पियानो शिकवला, निवृत्त झाली आणि अपक्ष म्हणून उभी राहिली. मागणी एकच: बदकांच्या शिकारीवर बंदी. आता मुंडाऱ्यात ख्रिसमस एकवेळ पुढे ढकलता येईल, पण बदकांच्या मोसमाचा पहिला शनिवार नाही. त्या सकाळी लग्न ठेवलं तर नवरामुलगासुद्धा येईल की नाही याची खात्री नसते. अशा गावात पाइकबाई मत मागायला आल्याच नाहीत, आणि ते शहाणपणाचंच झालं.

पण आमच्याकडे प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे वेगळे जाहीर होतात. मुंडाऱ्याच्या इन्स्टिट्यूट हॉलमध्ये मतं पडतात ती किती? फुटबॉलचे दोन संघ आणि त्यांची बायकापोरं उभी केली तर होतील तेवढी. त्यात पाइकबाईंच्या नावापुढे आकडा आला, एक. शून्य असता तर कोणाची नजरही पडली नसती. दहा असते तर म्हटलं असतं, काळ बदलला. पण एक म्हणजे माणूस आला. नाक, डोळे, पत्ता असलेला माणूस.

आणि तो माणूस क्लॅरी असावा, हीच तर गंमत होती.

क्लॅरी म्हणजे अंगाने फ्रीजएवढा आणि आवाजाने त्या फ्रीजच्या गुणगुणण्याएवढा. दुकान आजोबांचं. ते जर्मन लूथरन मंडळींबरोबर इकडे आले तेव्हा सुऱ्या आणि सॉसेजची कृती एवढंच घेऊन आले, असं घरात सांगतात. ती कृती क्लॅरी कोणाला सांगत नाही, पण त्यात जायफळ आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरुणपणी तो आमच्या इकडच्या, हातांनीही खेळायच्या फुटबॉलमध्ये उंच उड्या मारून चेंडू पकडायचा, आता गुडघ्यांनी त्या उड्यांचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे. मुलगी दूर पर्थला. घरात तो आणि बायको व्हाल्मा. दुकानात तो काउंटरवर आणि व्हाल्मा मागच्या खोलीत.

बोलायला त्याला फारसं आवडत नाही. गिऱ्हाईक तक्रार करायला आलं तर तो एवढा वेळ गप्प उभा राहतो, की शेवटी गिऱ्हाईकच माफी मागून दोन चॉप्स जास्त घेऊन जातं. या माणसाला जगात एकच मित्र होता, आणि तो मात्र दोघांच्या वाटचं एकटा बोलायचा. कीथ ट्रेन्गोव्ह. गव्हाची शेती, मोठी टोपी, त्याहून मोठा आवाज. शाळेच्या बाकापासूनची दोस्ती. दर मोसमात पहिल्या शनिवारी पहाटे कीथची गाडी क्लॅरीच्या मागच्या फाटकाशी यायची, हॉर्न न वाजवता नुसते दिवे लुकलुकायचे, आणि दोघं तलावावर जायचे. लव्हाळ्यात चपट्या होडीत बसून कीथ कुजबुजत जगाला शिव्या घालायचा, क्लॅरी हुंकार भरायचा, आणि मधूनमधून एखादं बदक पडायचं. क्लॅरीचे गुडघे गेल्यापासून होडी कीथच वल्हवायचा. त्याबद्दल दोघांत कधी शब्द झाला नाही, एका वर्षी कीथने वल्हं उचललं आणि पुढे उचलतच राहिला.

त्या वर्षी निवडणुकीत उभा होता कीथचा पुतण्या, ब्रेंटन. आमच्या मतदारसंघात जुना पक्षच निवडून येतो, त्याचं तिकीट मिळालं म्हणजे लोक अभिनंदनाचा केक भाजायला घेतात. ब्रेंटनला तिकीट मिळालं, केक झाला, खाऊनही झाला. मतदानाच्या दिवशी वाटायच्या पत्रकावर त्याचा फोटो छापला होता: खांद्यावर बंदूक, चेहऱ्यावर हसू, हातात दोरीला बांधलेली बदकांची माळ. त्यामागे तलाव, आणि तलावाच्या काठी अर्धवट कापला गेलेला क्लॅरीचा खांदा. त्याच फोटोच्या खाली, मत कसं द्यायचं ते लिहिलेलं. उमेदवार सात होते, आणि आमच्या कायद्यात सगळ्यांना पसंतीचे आकडे द्यावे लागतात, एक ते सात. म्हणजे कोण सगळ्यात आवडतो हे सांगून भागत नाही, कोण सगळ्यात नकोसा हेही लिहून द्यावं लागतं.

मतदानाच्या दिवशी क्लॅरी नेहमीप्रमाणे हॉलबाहेर शेगडीपाशी होता. एप्रन बांधून सॉसेजं उलटायची, कांदा परतायचा, पावाच्या कापात घालून द्यायचं. पैसे फुटबॉल क्लबला. आत मत, बाहेर सॉसेज, यात आमच्याकडे सॉसेजचा नंबर आधी लागतो. पाव घेऊन व्हाल्मा दुपारी आली, आत जाऊन मत देऊन आली आणि कांदे चिरायला बसली. क्लॅरीने थोडी गर्दी ओसरल्यावर हात पुसले, आत गेला आणि ब्रेंटनचं पत्रक समोर धरून त्यावरचे आकडे जसेच्या तसे उतरवून आला. मत देण्याचा विचार असा त्याने जन्मात केला नव्हता. कीथने दिलेलं पत्रक उतरवायचं, झालं.

संध्याकाळी दारं बंद झाली आणि हॉलमधल्या टेबलांवर मोजणी सुरू झाली. जुन्या पक्षातर्फे मोजणी बघायला कीथ उभा होता. बघायचं, पण कागदाला बोट लावायचं नाही, म्हणून तो हात पाठीमागे बांधून घिरट्या घालत होता. ब्रेंटनचा गठ्ठा वाढत होता. आणि मग अधिकाऱ्याने एक कागद उचलून वेगळाच ठेवला.

पाइकबाईंपुढे एक. ब्रेंटनपुढे सात.

कीथ वाकला. तो सात साधा नव्हता. त्याच्या पोटात एक आडवी रेघ होती, जर्मन वळणाची, नीट, कमरपट्ट्यासारखी. असा सात मुंडाऱ्यात एकाच ठिकाणी दिसतो. खाटकाच्या काचेमागे, मांसात खोचलेल्या भावाच्या चिठ्ठ्यांवर. तीस वर्षं कीथने तो सात बघून चॉप्स घेतले होते.

मोजणी बघणाऱ्याने असलं काही ओळखू नये आणि ओळखलं तर बोलू नये, हे कीथला माहीत होतं. तो बोललाही नाही. फक्त बायकोला सांगितलं. त्याची बायको ग्लेनिस, आणि ग्लेनिसला सांगणं म्हणजे काय हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

त्यातून निकालाने घोळ वाढवला. त्या रात्री कोण जिंकलं ते कळेचना. टपालाची मतं यायची होती, मागे पडलेल्यांची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवारांना वाटायची होती. रविवारी चर्चबाहेर, सोमवारी बेकरीत, मंगळवारी टायरच्या दुकानात, गाव दुसरं काही बोलत नव्हतं. आणि गुरुवारी कळलं, की जुना पक्ष पडला. मोठ्या गावची माजी महापौर, ट्रेसी हॅलोरन, अपक्ष, दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी निवडून आली. पाइकबाईंची मतं पसंतीने तिच्याकडे गेली आणि तिने काठ गाठला.

मग वादाला धार आली. एक गट म्हणाला, हॅलोरनबाईंनी प्रसूतीचा वॉर्ड परत उघडायचं वचन दिलं, आमच्या सुनांना बाळंतपणासाठी दोन तास गाडीत बसवता, मग मतं कशी मिळणार? दुसरा गट म्हणाला, वॉर्डचं सोडा, ब्रेंटन त्या टीव्हीच्या चर्चेत घामाघूम झाला तिथेच बुडाला. टायरवाल्याचं मत पडलं की पसंतीची पद्धतच चोरांनी काढली आहे, ज्याला जास्त मतं तो जिंकला पाहिजे. त्यावर बेकरीवाल्या बाईने विचारलं, की मागच्या वेळी याच पसंतीच्या मतांनी जुना पक्ष आला तेव्हा तू केक खाल्लास ना? तेव्हापासून तो पाव दुसरीकडून आणतो. पण शेवटी सगळे वाद फिरून एका मतावर यायचे. एका मताने काहीच फरक पडला नसता, फरक त्याहून मोठा होता, ही बेरीज-वजाबाकी कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. टपालाच्या मतांना चेहरा नसतो. या मताला होता, आणि तो रोज सकाळी आठला दुकान उघडत होता.

क्लॅरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईकं कमी झाली, तेव्हा त्याला वाटलं उकाडा आहे. शुक्रवारी सकाळी ग्लेनिस दुकानात आली.

"चार चॉप्स दे," ती म्हणाली. मग काचेतून खाली बघत, "नको, तीन दे."

क्लॅरीने चौथा परत ठेवला.

"क्लॅरी, तुझा सात फार छान असतो हं."

"माझा काय?"

"सात. पोटात रेघ मारतोस तो. आपल्याकडे दुसरं कोणी मारत नाही, नाही का? शनिवारी हॉलमध्येपण एक होता म्हणे. आमच्या ब्रेंटनच्या नावापुढे." तिने चॉप्स पिशवीत टाकले. "चालायचंच. ज्याचं त्याचं मत."

ती गेली. क्लॅरी काउंटरच्या या बाजूला आला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला आणि काचेतून आपल्याच दुकानाकडे बघू लागला. चॉप्स, खिमा, मागच्या पायाचं मांस. प्रत्येक चिठ्ठीवर तो सात, कमरपट्टा बांधून, ताठ.

त्यांतली एकही चिठ्ठी त्याने जन्मात लिहिली नव्हती. क्लॅरीचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून केलेली फेरी. चिठ्ठ्या व्हाल्मा लिहायची. पहाटे, स्वयंपाकघराच्या टेबलावर, चहाचा कप बाजूला ठेवून. तिच्या जर्मन आजोबांनी तिला आकडे गिरवायला शिकवले होते. गावाने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. खाटकाच्या दुकानातलं अक्षर खाटकाचंच असणार.

क्लॅरीच्या डोक्यात पहिला विचार आला तो रागाचा नव्हता. त्याला नुसतं नवल वाटलं. इतकी वर्षं जी बाई समोर बसून टोस्टला लोणी लावते, तिच्या मनात असं काही आहे आणि आपल्याला त्याचा वासही नाही. दुसरा विचार जरा जड होता. 'चिठ्ठ्या व्हाल्मा लिहिते' एवढं वाक्य ग्लेनिसच्या मागे धावत जाऊन सांगितलं की तो सुटला. आणि व्हाल्मा अडकली. चर्चच्या स्वयंपाकघरात मंगळवारी ग्लेनिस आणि तिची फौज चहाबरोबर खायचे छोटे गोड पाव, स्कोन, भाजायला बसते, तिथे व्हाल्माचं काय होईल हे त्याला स्पष्ट दिसलं. कोणी भांडणार नाही. तिच्या स्कोनला कोणी हात लावणार नाही, एवढंच.

तो परत काउंटरच्या मागे गेला आणि संध्याकाळच्या ट्रेची तयारी करू लागला.

दर शुक्रवारी डॉटच्या पबमध्ये मांसाच्या ट्रेची सोडत असते. ट्रे क्लॅरीचा: चॉप्स, सॉसेजं, एक मोठा रोस्टचा तुकडा. तिकिटांचे पैसे फुटबॉल क्लबला. ट्रे क्लॅरी स्वतः घेऊन येतो, बारवर ठेवतो, एक बिअर घेतो आणि जातो. त्या दिवशी तो आला तेव्हा पबमधला आवाज असा थांबला, जसा नळ बंद केल्यावर पाण्याचा थांबतो. मग सगळे एकदम जास्तच मोठ्याने बोलू लागले. कोणीतरी मागून म्हणालं, आज ट्रेमध्ये गाजरं आहेत का बघा. हशा झाला. क्लॅरीने बिअर घेतली.

डॉट सत्तरी उलटलेली, बार चालवते तशीच सोडतही चालवते, कोणाचं ऐकून न घेता. तिने डब्यात हात घालून तिकीट काढलं.

"हिरवं, त्रेचाळीस. कीथ, लेका, तुझं आहे. ये आणि उचल."

कीथ कोपऱ्यात बसला होता. तो उठला नाही.

"दुसरं काढ, डॉट."

"अरे, तुलाच लागलाय."

"मला त्या हातचं मांस नकोय."

 आमच्याकडे सोडतीतला ट्रे नाकारलेला कोणी कधी ऐकलेला नाही. शाकाहारी पाहुणे आले तरी तेसुद्धा तो घेऊन शेजाऱ्याला देतात. डॉट तिकीट हातात धरून उभी राहिली.

क्लॅरीने ग्लास खाली ठेवला. "कीथ, काय असेल ते मला बोल. मांसाने तुझं काही केलेलं नाही."

"बोलतो ना." कीथ उभा राहिला. "तू त्या बाईला पहिली पसंती दिलीस, ते सोड. माणसाचं डोकं फिरतं कधी. मी समजून घेईन. पण ब्रेंटनला सातवा? अरे, तुझ्या मांडीवर खेळलाय तो. आणि तो विजेच्या खांबांतून सरकार आपलं बोलणं ऐकतं म्हणणारा वेडा उभा होता, त्याला तू चौथा दिलास. चौथा, क्लॅरी! तो वेडा आमच्या पोरापेक्षा बरा?"

सगळे क्लॅरीकडे बघत होते. त्याला वाटलं आपले कान लाल झालेत. खांबवाल्याला चौथा का दिला, हे त्यालाही कळत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "मी दिलं."

कीथला हे अपेक्षित नसावं. क्लॅरी नाही म्हणेल, हसेल, काहीतरी खुलासा निघेल, अशी कुठेतरी त्याची आशा होती, ती त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसली.

"का?" त्याने हळू विचारलं.

  क्लॅरीने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला हॉलमधला तो पुठ्ठ्याचा आडोसा आठवला. दोरीला बांधलेली पेन्सिल आठवली.

"तिथे पुठ्ठा उभा करतात ना," तो म्हणाला, "तो उगीच नाही करत. तेवढ्यापुरता माणूस एकटा असतो. त्याला का म्हणून विचारायचं नसतं. तूसुद्धा नाही."

क्लॅरीच्या तोंडून एका दमात इतके शब्द पबने पहिल्यांदाच ऐकले. कीथने टोपी घातली.

"मग उद्या मी एकटाच जातो," तो म्हणाला आणि गेला. ट्रे बारवर तसाच राहिला. शेवटी डॉटने तो शीतपेटीत ठेवला आणि ज्या माणसाने गाजराचा विनोद केला होता त्याच्याकडून बिअरचे पैसे आगाऊ घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे क्लॅरी सवयीने उठला, बूट घातले आणि मागच्या ओसरीवर बसला. फाटकाशी दिवे लुकलुकले नाहीत. उजाडलं, आणि तलावाकडून पहिले बार ऐकू आले. दुरून ते दारं आपटल्यासारखे वाटतात. त्यातला कीथचा कुठला, हे तो ओळखू शकत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. होडी आता कीथ एकटा वल्हवत असेल, मग थांबवत असेल, मग बंदूक उचलत असेल. एकट्याला ती होडी कधी स्थिर राहत नाही.

व्हाल्मा बाहेर आली. "गेला नाहीस?"

"कीथ आला नाही."

"आजारी आहे?"

"नाही."

ती वाट बघत उभी राहिली. क्लॅरीशी संसार करायचा म्हणजे वाट बघता आली पाहिजे. मग त्याने थोडं थोडं सांगितलं. ग्लेनिस, सात, रेघ, ट्रे. व्हाल्मा हातातलं फडकं घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"आणि तू म्हणालास, तूच दिलंस."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"ट्रे होता समोर."

"मला आधी का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," क्लॅरी म्हणाला. "मग मला खोटं बोलायला जड गेलं असतं."

ती फडक्याचा कोपरा पीळ घालून सोडत राहिली. मग म्हणाली, "क्लॅर, अरे, त्याचं कारण..."

त्याने हात वर केला. त्याला कारण नको होतं. काल पबमध्ये तो जे बोलला ते त्याचं त्यालाच आवडलं होतं, आणि आता त्या मोठेपणाची थोडी गोडी लागली होती. तो म्हणाला, की मत तुझं आहे, मी विचारणार नाही. तुझं मन हळवं आहे हे मला आधीच कळायला हवं होतं. त्या वर्षी अंगणात आलेल्या लंगड्या पेलिकनला तू रोज मासे घालायचीस, तेव्हाच. मी बंदूक विकून टाकतो.

"मी कुठे म्हटलं बंदूक विक?"

"तू म्हणणार नाहीस. म्हणूनच मी म्हणतोय."

व्हाल्माने त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात प्रेम होतं यात शंका नाही, पण नुसतं प्रेम नव्हतं. "तो खांबवाला," क्लॅरीने चाचरत विचारलं, "त्याला चौथा कसा काय, एवढं मात्र..."

"मला पहिला आणि शेवटचा तेवढाच माहीत होता," ती म्हणाली. "मधले भरायचे म्हणून भरले." आणि ती टोस्ट भाजायला आत गेली.

रविवारी चर्च सुटल्यावर कीथची गाडी मागच्या फाटकाशी येऊन थांबली. कीथ उतरला, पण आत येईना. त्याच्या हातात गोणपाटाची पिशवी होती. त्याचा शनिवार वाईट गेला होता. होडी गोल गोल फिरली, कुजबुजायला कोणी नव्हतं म्हणून तो आपल्याशीच मोठ्याने बोलला, आणि बदकं उडून गेली. तरी सवयीने मिळाली ती पिशवीत भरून सवयीने तो इथे आला होता. दर वर्षी इथेच आणायचा. इथे मागे खाटकाची मोरी होती, गरम पाणी होतं, सगळी सोय होती.

"पिशवी ठेवायला आलोय," तो फाटकावरूनच म्हणाला.

"ठेव," क्लॅरी म्हणाला.

पिशवी ठेवून झाली, तरी कीथ हलेना. क्लॅरीही हलेना. दोघं लिंबाच्या झाडाकडे बघत उभे होते, जणू लिंबं कधी पिकतात याची दोघांना घाई आहे.

तेवढ्यात व्हाल्मा बाहेर आली. चर्चच्या कपड्यांतच होती. "कीथ," ती म्हणाली, "तो सात माझा आहे. दुकानातल्या चिठ्ठ्या मी लिहिते. लग्न झाल्यापासून मीच लिहिते. याला एक ते दहा नीट काढता येत नाहीत."

कीथने क्लॅरीकडे पाहिलं. क्लॅरीने लिंबाकडे.

"म्हणजे तू परवा तिथे उभा राहून..." कीथ म्हणाला. "माझ्या तोंडावर... आणि मी तो ट्रे... अरे गाढवा, एक शब्द तर बोलायचास!"

"बोललो की," क्लॅरी म्हणाला. "जास्तच बोललो."

कीथने टोपी काढली, घातली, परत काढली. त्याला हसायचं होतं आणि डोळे पुसायचे होते, आणि आमच्याकडचा पुरुष या दोन्हीसाठी टोपीच वापरतो. मग तो व्हाल्माकडे वळला. आवाज खाली आला होता. "व्हॅल, मी ग्लेनिसला गप्प बसवतो. बसवायचा प्रयत्न करतो. पण एवढं सांग, आमच्या ब्रेंटनने तुझं काय घोडं मारलं?"

 व्हाल्मा मोरीत गेली. दोन लाकडी स्टुलं आणून तिने अंगणात समोरासमोर ठेवली. गरम पाण्याचा टब आणून मध्ये ठेवला. मग कीथची पिशवी उचलून टबाशेजारी उपडी केली. बदकं एकावर एक पडली, पंख पसरून.

"बसा," ती म्हणाली.

दोघं बसले. कीथने एक बदक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. कुठून सुरुवात करतात ते दोघांनाही, अगदी खाटकालासुद्धा, माहीत नव्हतं. व्हाल्माने पर्स घेतली आणि डॉटकडे बिअर प्यायला निघून गेली. संध्याकाळी ती परतली तेव्हा दोघं अजून बसलेले होते. कीथच्या मिशीत पिसं, क्लॅरीच्या कानात पिसं, लिंबाच्या झाडावर बर्फ पडल्यासारखी पिसं, आणि कीथ न थांबता बोलत होता, क्लॅरी हुंकार भरत होता.

क्लॅरीने बंदूक विकली नाही, आणि व्हाल्माने त्याला ते कधी सुचवलंही नाही. तिला बदकांची दया आली नव्हती. पाइकबाईंचं एकही भाषण तिने ऐकलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून दर मोसमात दोघांच्याही बदकांची पिसं तीच उपटत होती. ब्रेंटनच्या पत्रकावरच्या बदकांचीही तिनेच उपटली होती. तिला कंटाळा आला होता.